धाक कुणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नवऱ्यामागे एकटीने मुलं वाढवण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'एक हितचिंतक' एवढंच लिहून तुम्ही जे लिहिलंत, ते वाचलं. 'बापाचा धाक नसलेली पोरं आज ना उद्या वाया जातातच, आणि तुमच्यासारख्या बायका त्यांची कौतुकं लिहीत बसतात,' हे तुमचं वाक्य. शिवाय घरच्या पैशाअडक्याचं सांगून मी मुलांचं बालपण हिरावते, हट्टाने मराठी शाळेत घालून त्यांचं नुकसान केलं, असंही आहे.

तुमच्यासारख्या म्हणजे कशा हो? माझा नवरा वारला, त्यात माझा काय अपराध? मत वेगळं असू दे, पण अनोळखी बाईशी बोलताना घरच्या सुनेला दटावल्यासारखं बोलायचं, ही कुठली रीत? इथे बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा मला ताई म्हणतात.

एक मान्य करते. पोराला गाडी शिकवायला, पहिल्यांदा दाढी कशी करायची ते दाखवायला माझा भाऊ होता म्हणून बरं झालं. घरात एखादं पुरुषमाणूस येतंजातं असावं. पण तो मामाचा लळा झाला. धाक नव्हे.

धाक मी माहेरी बघितलाय. वडील दारात आले की आम्ही भावंडं चिडीचूप. आणि हाच माझा भाऊ त्यांच्या शर्टाच्या खिशातले पैसे काढून सिनेमाला जायचा. मार खायचा, परत जायचा. वडील थकले, हात उचलेनासा झाला, तेव्हा कुठे दोघं एकमेकांशी धड बोलायला लागले.

आता माझं घर ऐका. मी पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची थोडीथोडी बचत, गोळा करते. खडेबाजार, गणपत गल्लीतली दुकानं फिरून संध्याकाळी घरी येते तेव्हा पिशवीत लोकांचे पैसे असतात, ते सकाळी क्रेडिट सोसायटीत भरायचे. जमिनीवर चादर पसरून मुलगी नोटा लावते, मुलगा यादीशी ताळा करतो. तो आठवीत असताना एका संध्याकाळी शंभर रुपये जास्त निघाले. मी आत भाकऱ्या थापत होते. 'आई गे, भाजीवाल्या मावशींचे दोनशे आलेत, पावती शंभरचीच फाडलीस की,' तो बाहेरूनच ओरडला. दुसऱ्या दिवशी शाळेला जाता जाता तिच्याकडे थांबून सांगून आला. शंभराची नोट चादरीवर होती, समोर बघणारं मोठं कुणी नव्हतं. तिथे कुणाचा धाक होता, ते तुम्हीच सांगा.

पैशाचं मुलांना सांगते, हो, सांगते. पेन्शनची कागदपत्रं इथे कन्नडमध्ये येतात. मी कन्नड बोलते, वाचताना अडखळते. पोरंच वाचून दाखवतात, मग लपवू काय? आणि ते कन्नड ती त्याच मराठी शाळेत शिकली, त्यामुळे नुकसानाचं बोलणं इथेच संपलं.

तुमची भाषा मला नवीही नाही. एका कार्यालयात मुलाच्या अर्जावर कारकुनाने दिराची सही मागितली होती, 'घरात कर्ता पुरुष कोण?' म्हणून. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं 6वं कलम बापामागे आईलाच नैसर्गिक पालक मानतं. 1999 साली सुप्रीम कोर्ट त्याच्याही पुढे गेलं, बाप हयात असून लक्ष देत नसेल तरी आई पालक होऊ शकते म्हणालं. मी अर्जावर माझीच सही केली आणि हलले नाही. अर्ज घेतला त्यांनी.

आपल्या चिक्कोडी भागातून सीमा ओलांडली की शिरोळ तालुका. तिथल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने 2022 साली ठराव करून नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. अख्खं गाव एका जागी बसून हे ठरवू शकतं, आणि तुम्हाला दोन ओळी लिहिताना बाईचा मान राखता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. रागही येतो. संक्रांतीला मुलीने स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी तोंड फिरवलं होतं. पोरगी त्यांच्याकडे गेली, तिळगूळ दिला, पाया पडली आणि म्हणाली, 'काकू, आईला पण वाण द्या की.' त्यांनी दिलं.

वाया गेलेली पोरं अशी वागतात काय?