कुकर पडेपर्यंतचं साहित्य

मराठीत लिहिणाऱ्याला लग्नकार्यात हमखास विचारतात, "सुटतं का काही त्यातून?" अशा वेळी लाजून हसण्यापेक्षा सरळ हिशेब सांगावा, या मताचा मी आहे. कादंबरीची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, मानधन छापील किमतीच्या १० टक्के धरा. झाडून सगळ्या प्रती विकल्या गेल्या तर १५ हजार रुपये. लिहायला दोन वर्षं लागली असतील, तर दिवसाला साधारण वीस रुपये. म्हणजे एक वडापाव, चटणीसकट. त्यातून 'आम्हाला काय विकत देणार का?' म्हणणारे नातेवाईक वजा केले की नुसता पाव.

पुरस्कारांचं म्हणाल, तर बऱ्याच ठिकाणी प्रवेशिका आपणच भरायची असते आणि सोबत पुस्तकाच्या दोन-चार प्रती पदरच्या खर्चाने धाडायच्या असतात. मिळालाच, तर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. पैकी श्रीफळाचं वाटण होतं, शाल आहेरात खपते. स्मृतिचिन्ह मात्र कोणीच घेत नाही.

तेव्हा जे आपल्या हातात आहे तेवढंच मोजावं. छापणं संपादकाच्या हातात, घेणं वाचकाच्या, गाजणं कोणाच्याच नाही. आपल्याकडे उरतं आठवड्यातून पाच दिवस अडीचशे शब्द लिहिणं आणि हातातलं पुरं करून पाठवणं. अडीचशे शब्द म्हणजे डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचं जेमतेम एक पान. छपाईच्या हिशेबात सोळा पानांचा एक फॉर्म. दहा फॉर्मचं, १६० पानांचं पुस्तक म्हणजे चाळीस हजार शब्द, म्हणजेच ३२ आठवडे. गणपती, लग्नसराई आणि व्हायरल ताप धरला की वर्ष होतं. पुनर्लेखनाला दुसरं वर्ष. वरचा वडापाव असा जमतो.

आता हे अडीचशे शब्द लिहायचे कधी? पहाटे चारला उठून लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याकडची भांडी कोण घासतं हे ते कधीच लिहीत नाहीत. आपल्याकडे घरात बसून लिहिणारा माणूस 'घरीच आहे' या सदरात मोडतो. "तू लिहितच बसणार आहेस ना? मग सिलिंडरवाल्याकडे लक्ष ठेव." नळाला पाणी, घंटागाडी, शेजारच्यांचं कुरिअर, सगळं त्याच्याच गळ्यात.

अशा घरात लेखनाची लय कुकरवर बसवावी. वरणभाताचा कुकर चढवल्यापासून तीन शिट्ट्या व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. गॅस बंद केल्यावर कुकर पडायला आणखी पंधरा-वीस. पहिल्या टप्प्यात लिहायला जाऊ नये, कारण निम्मं लक्ष शिट्ट्या मोजण्यात असतं आणि दुसरी झाली की तिसरी यावर घरात वाद होतोच. त्या वेळात कालचा शेवटचा परिच्छेद वाचावा. फक्त शेवटचा. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की हात शिवशिवतो, आणि मग महिन्याभराने पहिलं पान लखलखीत असतं, दुसरं अजून जन्माला यायचं असतं. खरा वेळ गॅस बंद केल्यानंतरचा. कुकर पडेपर्यंत जेवण वाढता येत नाही, त्यामुळे आपल्याला कोणी काही विचारत नाही. या वीस मिनिटांत अडीचशे शब्द होतात, पण पुढचं वाक्य आधीच माहीत असेल तरच. म्हणून आदल्या दिवशी उठताना वाक्य अर्धवट सोडून उठावं. परिच्छेद नीट पुरा करून समाधानाने उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी छताकडे बघत बसतो. घरात उलथन्याने शिट्टी उचलून वाफ काढणारं कोणी असेल, तर मात्र लघुकथेवरच समाधान मानावं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. एखादा शब्द कोशात बघायला म्हणून तो हातात घेतला, की कोणाच्या तरी केळवणाचे फोटो पाहून होईपर्यंत खाली ठेववत नाही. शंका आली तिथे तीन फुल्या माराव्यात आणि पुढे जावं. फुल्यांचा निकाल रविवारी एकदम लावावा.

दिवसाची लय बसली तरी वर्षाची उरतेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आपल्या लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतंय. बहुतेक अंकांना मजकूर साधारण जुलैअखेर ते ऑगस्टपर्यंत हवा असतो. तीन हजार शब्दांची कथा म्हणजे बारा बैठका, अडीच आठवडे. मग दोन आठवडे ती नजरेआड ठेवायची, कारण ताजी कथा स्वतःला फार चांगली वाटते. कापाकापीला आणखी एक आठवडा. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरुवात हवी. श्रावणात सुचलेली कथा पुढच्या वर्षाची समजावी. गणपतीत सुचलेलं तर पाहुण्यांच्या आवाजात ऐकूही येत नाही.

पाठवताना युनिकोडमध्ये पाठवावं आणि सोबत पीडीएफ जोडावी. ती चैन नव्हे. युनिकोड मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना 'ऱ्य'चा 'र्य' होऊ शकतो. सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि लग्नाच्या कथेत आचाऱ्यांना घातलेल्या शिव्या आचार्यांना पडतात. पीडीएफ असली तर मुद्रितशोधकाला मूळ काय होतं ते निदान पाहता तरी येतं.

एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नये. दोन्हीकडे छापून आली, तर पुढच्या वर्षी दोन्हीकडे बंदी. पाठवून तीन आठवडे झाले की एकदा फोन करावा, आणि तो जेवणाच्या वेळी करू नये. "कशी वाटली?" असं चुकूनही विचारू नये. "मिळाली ना?" एवढंच. "हो, घेतोय" म्हणाले तर उत्तम. "या वर्षी पानं भरली" म्हणाले तर लगेच दुसरीकडे पाठवावी. "बघतो" म्हणाले, तर त्यांनी ईमेल अजून उघडलेला नाही.