ऑइल चाखायचं नसतं

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला चिपळूणहून भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्या बाइकच्या ऑइलमध्ये कूलंट उतरलंय. चाखून बघितलं, गोडसर लागतंय."

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव. आणि चाखून बघितलं, म्हणे! आधी त्याला उठवून चूळ भरायला लावली, मग विचारलं की हे शिकवलं कोणी. उत्तर म्हणून 'ऑइलमध्ये कूलंट? घरच्या घरी ५ मिनिटांत ओळखा' हा फॉरवर्ड आला. दोन दिवसांनी तोच आमच्या घरच्या ग्रुपवरही आला, आणि खाली सात जणांचे अंगठे. त्यात सांगितलंय ते असं: ऑइल दुधाळ दिसलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि सिलिंडर यांच्यामधली पट्टी, गेलंच, बाइक कुठलीही असो. खात्री करायला थेंब जिभेवर ठेवा, गोड लागला तर कूलंट. इंजिन चांगलं गरम करून रेडिएटरचं झाकण उघडा आणि बुडबुडे बघा. मग ऑइलमध्ये अर्धा लिटर डिझेल घालून बाइक फिरवून आणा, आतून सगळं धुऊन निघेल. आणि पुढे कूलंटवर पैसे घालवू नका, बोअरचं पाणी चालतं.

आधी चाखण्याचं बघू, कारण त्यानेच माझी झोप उडवली. कूलंट गोड असतं हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते पोटात गेलं की सुरुवातीला दारू प्यायल्यासारखं वाटतं. मग शरीरात त्याचं ऑक्सॅलिक आम्ल होतं आणि त्याचे खडे मूत्रपिंडात साचून लघवी बंद होते. याचंच भावंड असलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलने काय केलं ते मुंबईने पाहिलंय. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघालं. १४ रुग्ण दगावले, मूत्रपिंडं निकामी होऊन. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. ज्यांच्या घरात त्या काळी वर्तमानपत्र येत होतं, त्यांना तरी हे आठवायला हवं. आणि अंगठा देणाऱ्या सातांपैकी चौघे त्याच वयाचे आहेत.

एका थेंबाने माणूस मरत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याला थेंब चाखायचं शिकवलं तो कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायलाही घाबरत नाही, आणि ती बाटली घरातल्या लहान मुलाच्या हाती लागते. गॅरेजच्या दारात काढून ठेवलेलं कूलंट कुत्री-मांजरी चाटतात, मांजराला तर थोडंसंही पुरतं. शिवाय जळकं ऑइल कातडीलासुद्धा फार वेळ लागू देऊ नका असं ऑइलच्या डब्यावरच छापलेलं असतं. ते जिभेवर?

आणि एवढं करून कळलं काय? भाच्याला गोड लागलं, पण त्याच्या ऑइलमध्ये कूलंटचा थेंबही नव्हता. गोड लागणार असं वाचून बसलेल्या माणसाला गोडच लागतं. फॉरवर्डचंच ऐकून कोणी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं असेल, तर खरी गळती असूनही काहीच गोड लागणार नाही.

आता 'दुधाळ म्हणजे हेड गॅस्केट, बाइक कुठलीही असो'. स्प्लेंडरला कूलंट नसतंच, तिचं इंजिन हवेवर थंड होतं. मग तिच्यात उतरणार काय? तरी पावसाळ्यात तिच्याही ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय धरते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये शिरते. लांब पल्ला मारला तर ऑइल तापून ती उडून जाते. भाच्याचं कॉलेज घरापासून तीन किलोमीटर, आणि महिना जुलैचा. इंजिन तापायच्या आत बंद होतं. त्याला मी गुहागरला जाऊन यायला सांगितलं, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. परत आला तेव्हा झाकणाची साय गेलेली आणि ऑइलची पातळी बघायच्या इंजिनवरच्या काचेत ऑइल स्वच्छ. गॅरेजवाल्याने हेड उघडायचे १४ हजार सांगितले होते.

खरंच कूलंट उतरलं तरी गॅस्केटच गेलं असं नाही. पुष्कळ बाइकमध्ये वॉटर पंपाचा दांडा इंजिनच्या कव्हरमधून आत जातो. त्यावर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूचं आणि एक ऑइलच्या, आणि मधल्या जागेतून बाहेर येणारं एक बारीक भोक. पाण्याचं सील झिजलं की कूलंट त्या भोकातून ठिबकतं, म्हणजे बाइक स्वतःच सांगत असते. माझ्या बाइकचं ते भोक चिखलाने बुजलं होतं. बाहेरची वाट बंद, त्यात ऑइलचं सीलही कडक झालेलं, मग कूलंट आत गेलं. खिळ्याने चिखल उकरला तेव्हा आतून हिरवा, चिकट थेंब बोटावर आला. हेडला हात न लावता दोन सीलांवर काम भागलं.

तपासायचं असेल तर गार इंजिनवर कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. कूलंट रेघेखाली उतरतंय, बाहेर कुठे ओल नाही आणि काचेत ऑइल मात्र चढतंय, तर संशय खरा. मग बाइक रात्रभर सरळ उभी ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट, म्हणजे खालचा ऑइल काढायचा बोल्ट, हळूच सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड, त्यामुळे सुटं साचलं असेल तर आधी तेच येतं. पार घुसळून ताक झालं असेल तर ते बघूनच कळेल. गॅरेजमध्ये हातपंपाने कूलिंग सिस्टिमला दाब देऊन बघतात, तेही करून घ्या. दाब टिकत नसेल तरच पुढचं खोलकाम.

बुडबुड्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, गॅस्केट गेलं की जळलेला वायू कूलंटमध्ये शिरून ते येतात. पण झाकण इंजिन गार असताना उघडायचं आणि मग इंजिन चालू करायचं. साधारण १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण काढलंत की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. प्रत्येक बाइकच्या पुस्तिकेत हा इशारा आहे. आणि पंपाचं सील गेलं असेल तर बुडबुडे येतच नाहीत.

डिझेल घालून बाइक अजिबात फिरवू नका. बाइकमध्ये त्याच ऑइलवर क्रँक, गिअर आणि क्लच चालतात, डिझेलने बेअरिंगवरचा ऑइलचा थर पातळ होतो. आधी गळती बंद करा, मग स्वस्त ऑइल भरून पाच मिनिटं इंजिन चालवून काढा, पांढरं येत असेल तर पुन्हा, आणि शेवटी नवं फिल्टर, नवं ऑइल. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतात. आपल्या बादलीच्या तळाला बघा.

भाचा आता रोज सकाळी टाकीचा फोटो पाठवतो. आज पाचवा दिवस, कूलंट रेघेवरच आहे.