रेल्वे थांबली, पण जमीन?

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाचं हे प्रकरण वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, जरा लांब होईल.

१८८४ मध्ये तिथे एस्क्विमॉल्ट ते ननायमो रेल्वे बांधायचं ठरलं. कंत्राट डन्स्म्यूर नावाच्या कोळसा खाणमालकाच्या कंपनीला, आणि बदल्यात काय, तर साडेसात लाख डॉलर रोख आणि वर सुमारे २० लाख एकर जमीन! म्हणजे बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा, जंगलासकट, खालच्या कोळशासकट. १८८६ ला पंतप्रधान मॅकडोनाल्डनी शेवटचा खिळा ठोकला, आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कावचन वगैरे मूळनिवासी लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. बेटावर त्याआधी १८५० ते १८५४ मध्ये मूळनिवासींशी जमिनीचे १४ करार झाले होते, पण कावचन खोऱ्यात एकही नाही. ना विकत घेतली, ना लिहून घेतली, मग सरकारने दिली ती कुणाची जमीन?

"कागद कुठाय" असं विचारणाऱ्यांना मला तिथली सीडरची झाडं दाखवावीशी वाटतात. हे लोक जिवंत झाडाची साल खालून कापून वर ओढत नेतात, लांबच लांब एकच पट्टी निघते, तिच्या टोपल्या, चटया, दोर होतात आणि झाड तसंच उभं राहून वाढत राहतं, तो व्रण शेकडो वर्षं दिसतो. याहून पक्का सातबारा कुठला हवा!

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या भागाचा. हुलकुमिनम लोकांच्या (कावचन त्यांच्यातलेच) पारंपरिक प्रदेशातली ८० टक्क्यांहून जास्त जमीन आज खासगी आहे, बरीचशी लाकूड कंपन्यांकडे, आणि वाटाघाटीला बसलं की सरकार म्हणतं खासगी जमिनीवर बोलायचंच नाही. अहो पण ती खासगी केली कुणी? तुम्हीच ना? शेवटी २००७ मध्ये हे लोक आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे (अमेरिका खंडातल्या देशांचा सामायिक आयोग) गेले आणि २००९ मध्ये आयोगाने तक्रार दाखल करून घेतली, देशातल्या वाटाघाटींतून खरा न्याय मिळेल असं दिसत नाही म्हणून.

त्या रेल्वेमार्गावरची प्रवासी गाडी २०११ पासून बंद आहे. २०२३ मध्ये बेटावरच्याच स्नॉ-नॉ-अस या मूळनिवासी लोकांना कोर्टात लढून रेल्वेची जमीन परत मिळाली, पण ती त्यांच्याच राखीव वस्तीच्या मधून गेलेली पट्टी, जेमतेम ११ एकर.