डिफेन्सवाल्या टीमला बेंचचे पॉइंट्स कशाला? यासाठी!

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. तिचे प्लेऑफ (सीझनअखेरच्या बाद फेऱ्या) आले की एक मत हमखास फिरायला लागतं: 'डिफेन्सवर जिंकणाऱ्या टीमला बेंचवरून, म्हणजे राखीव खेळाडूंकडून, पॉइंट्स लागत नाहीत. बेंचवरही डिफेंडरच बसवा. 2004 चे डेट्रॉइट पिस्टन्स बघा.'

बघूया की. त्या वर्षीच्या फायनलच्या तिसऱ्या मॅचमध्ये पिस्टन्सनी लेकर्सना 68 वर रोखलं, सात मॅचची सीरिज 4-1 नं मारली. पण बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स आणि रशीद वॉलेस हे चार स्टार्टर्स (मॅच सुरू करणाऱ्या पाचांपैकी) कुठल्याही रात्री बास्केट काढणारे होते. असे चौघं एकत्र मिळणं हे नशीब, त्याचा नियम कसा होईल? शिवाय बेंचवर ओकुर आणि विल्यमसन होतेच. त्या उन्हाळ्यात दोघंही गेले.

पुढच्या वर्षीची फायनल मात्र हे मत मांडणारे सोयीस्कर विसरतात. स्पर्स विरुद्ध पिस्टन्स, सीरिज 2-2, पाचवी मॅच ओव्हरटाइममध्ये. डेट्रॉइट 95-93 नं पुढे. रशीद वॉलेस स्पर्सच्या जिनोबिलीला घेरायला गेला आणि त्यांचाच रॉबर्ट हॉरी मोकळा सुटला. 5.8 सेकंद उरले असताना त्याचा थ्री-पॉइंटर आत. स्पर्स 96-95. बेंचवरून आलेल्या हॉरीचे 21 पॉइंट्स, तेही जवळजवळ सगळे चौथ्या क्वार्टरमध्ये आणि ओव्हरटाइममध्ये. सातवी मॅच आणि टायटल, दोन्ही स्पर्सकडे.

'समोरच्याला कमीवर रोखलं की झालं,' हा दुसरा मुद्दा. उलट आहे. स्कोअर कमी राहिला की फरकही दोन-चार पॉइंट्सचाच राहतो, आणि मग एकेक बास्केट महाग होते. 1990 ची फायनल, पाचवी मॅच, पोर्टलंड. पिस्टन्सच, पण 'बॅड बॉइज' म्हणून बदनाम झालेले. शेवटच्या दोनेक मिनिटांत 83-90 नं मागे, आणि तिथून 92-90 नं जिंकले. 0.7 सेकंद उरले असताना विजयी शॉट कोणाचा? स्टार स्टार्टर्स थॉमसचा नाही, डुमार्सचाही नाही. बेंचवरच्या विनी जॉन्सनचा. आल्या आल्या तापतो म्हणून ज्याला 'मायक्रोवेव्ह' म्हणत, तो!

साधा हिशेब करा. कोर्टवरचे पाच जण गुणिले मॅचची 48 मिनिटं म्हणजे 240 मिनिटं. प्रत्येक स्टार्टर 36 मिनिटं खेळला तरी 60 उरतात, पूर्ण पाव मॅच. पाव मॅच स्कोअरिंग बंद ठेवायची? शिवाय डिफेन्स पायांवर चालतो. बेंच आघाडी टिकवत नसेल तर कोच स्टार्टर्सना 42 मिनिटं पळवतो आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे पाय जड होतात.

राहिलं 'स्कोअरर आला की डिफेन्स गळतो.' बास्केट झाली की समोरच्याला बेसलाइनमागून बॉल आत टाकावा लागतो आणि तेवढ्यात आपले पाचही जण मागे जाऊन उभे राहतात. शॉट चुकला की समोरचा रिबाउंड (उसळलेला बॉल) घेऊन फास्ट ब्रेक करतो, म्हणजे आपण मागे पोचायच्या आत झपाट्यानं हल्ला. न स्कोअर करणारी बेंच आपल्याच डिफेन्सला धावपळीत ढकलते. अर्थात, शॉट मारून कमरेवर हात ठेवून उभा राहणारा स्कोअरर मलाही नको.