इंजिन का उघडलं, याचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलं की दुखणं कार्बोरेटरचं होतं, मोठा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्राचं पितळी नळकांडं) टाकून अर्ध्या तासात भागलं असतं, आम्ही मात्र इंजिन खोलून फुल काम काढलं, गाडी आठवडाभर ठेवली, आणि आता ती धूर मारते, पिकअप नाही. जुन्या टू-स्ट्रोकवाले बरेच जण इथं वाचतात, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमची डर्ट बाईक केलेली यामाहा आरएक्स आली तेव्हा गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नव्हती. कार्बोरेटर आधीच दुसरीकडे साफ करून झालेला होता. तरी आम्ही सुरुवात तिथूनच केली. पायलट जेट, फ्लोटची लेव्हल, केबल, रीड व्हॉल्व्ह, मधला रबरी जोड, सगळं पाहिलं. त्यात काही निघालं नाही. प्लग मात्र खडूसारखा पांढरा होता, म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी.

तुम्ही म्हणता त्या मोठ्या, म्हणजे मेन जेटचा अंमल ॲक्सिलरेटर बराच उघडल्यावर सुरू होतो. तुमचा त्रास ॲक्सिलरेटर बंद असताना होता. तिथं मोठा जेट काय करणार?

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, जातात आणि तिथून सिलिंडरमध्ये चढतात. म्हणून क्रँककेस हवाबंद लागते. मॅग्नेटकडचं (वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूचं) ऑइल सील, म्हणजे क्रँक या मुख्य दांड्याभोवतीची रबरी कडी, गेलं की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते. तिच्यासोबत पेट्रोल येत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टूटी (2T) ऑइलही येत नाही. रेस आपोआप चढते, पिस्टन तापतो आणि एक दिवस उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच इंजिन जाम होतं. मागचं चाक तिथंच अडकतं. धरणाच्या भिंतीकडच्या उतारावर तुम्ही गाडी कशी सोडता ते मी पाहिलं आहे. त्या अवस्थेत गाडी तुमच्या हाती द्यायला माझं मन धजलं नाही.

अंदाजाने आम्ही इंजिन उघडत नाही. सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड बंद करून सुमारे सहा पीएसआय हवा भरली. प्रेशर मीटरचा काटा लगेच उतरू लागला. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटच्या बाजूने बुडबुडे आले. तुम्हाला फोन करून हे सांगितलं आणि तुमचा होकार आल्यावरच पुढचं काम धरलं.

सील बाहेरून बदलता येतं, हे खरं. पण क्रँक हाताने हलवून पाहिला तर बेअरिंगमध्ये खेळ होता. क्रँक डगमगत असेल तर नवं सीलही फार टिकत नाही. बेअरिंग बदलायला क्रँककेस उघडावीच लागते. आत पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला चरे पडलेले होते, म्हणून बोअर करून (सिलिंडर आतून घासून थोडा मोठा करून) पुढच्या साइजचा पिस्टन टाकला. बोअरचं काम आणि चांगली बेअरिंग आपल्या गावात होत नाही, मिळत नाहीत. दोन्हीसाठी नागपूर गाठावं लागलं, वेळ त्यात गेला. हलकी डुप्लिकेट बेअरिंग लगेच मिळत होती, ती मी टाकली नाही.

आणखी एक गोष्ट. पिकअपसाठी तुम्ही एअर फिल्टरचा फोम काढून टाकला होता. पांदणीतली काळ्या मातीची धूळ त्यामुळे थेट क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जात होती. आम्ही नवा फोम बसवला आहे, तो कृपया काढू नका.

आता धुराचं. नव्या पिस्टनसाठी मी पेट्रोलच्या लिटरला 30 मिली ऑइल सांगितलं आहे, शिवाय जुनं ऑइल सायलेन्सरमध्ये साचलेलं असतं. थोडा धूर राहणारच. पहिले 500 किलोमीटर फुल ॲक्सिलरेटर द्यायचा नाही, म्हणून पिकअपही आत्ता कमी वाटेल. पण पांढरा, दाट धूर थांबतच नसेल तर गाडी आणा. क्लचच्या बाजूचं सील गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं का, ते ऑइल काढून, मोजून पाहू.

हवेची टेस्ट तुमच्यासमोर पुन्हा करतो, त्याचे पैसे नाहीत. काटा उतरला तर पुढचं काम माझ्या खर्चाने. तुमचं जुनं सील, बेअरिंग आणि पिस्टन पिशवीत बांधून ठेवलं आहे, येताना घेऊन जा, हवं तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. तोवर जेट मात्र कोणाला बदलू देऊ नका.