‘१०,००० ल्युमेन’ आणि ‘फोर-के सपोर्ट’ यांविषयी खुलासा

‘खोक्यावर १०,००० ल्युमेन आणि फोर-के सपोर्ट छापलेले असले, की होम थिएटरसाठी महागडा प्रोजेक्टर घेण्याची गरज उरत नाही’ असा दावा सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक, तर फोर-के म्हणजे ३८४०×२१६० पिक्सेलचे (ठिपक्यांचे) चित्र.

नुसत्या ‘ल्युमेन’चा आकडा फार तर आतल्या दिव्याचा असतो, आणि पुष्कळदा कशाचाच नसतो. पडद्यावर प्रत्यक्ष पोहोचणारा प्रकाश ‘आन्सी ल्युमेन’मध्ये (‘आन्सी’ ही अमेरिकी मानकसंस्था) मोजतात, त्यासाठी पूर्ण पांढरे चित्र टाकून त्याचे नऊ समान भाग कल्पिले जातात, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समापीने (दर चौरस मीटरवर पडणारा प्रकाश ‘लक्स’मध्ये मोजणाऱ्या उपकरणाने) नोंद घेतली जाते आणि या नोंदींच्या सरासरीला चित्राच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने गुणले जाते. १६:९ प्रमाणाचा १०० इंची पडदा सुमारे २.७५ चौरस मीटरचा भरतो. समजा, खोक्यावरचा आकडा काहीही असला तरी प्रोजेक्टर प्रत्यक्षात २०० आन्सी ल्युमेनचाच निघाला, तर तो या पडद्यावर सरासरी ७३ लक्सच्या आसपास उजेड देतो. दिवे लावलेल्या खोलीत साधारण तेवढाच किंवा त्याहून अधिक उजेड असल्याने चित्र फिकट पडते. खोली पूर्ण अंधारी करता येत असेल, तर मात्र हाच प्रोजेक्टर अगदीच टाकाऊ नाही.

‘सपोर्ट’चा अर्थ एवढाच, की यंत्र फोर-के सिग्नल स्वीकारते. चित्र उमटते ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’मध्ये, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पिक्सेलसंख्येत. ते ८५४×४८० असेल, तर सुमारे ८३ लाख पिक्सेलचे चित्र ४.१ लाखांत कोंबले जाते, आणि सबटायटलमधल्या बारीक अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात.