मुलांना कोकणात रमवायचं कसं?

दर एप्रिलमध्ये मैत्रिणी विचारतात, "तुमच्याकडे तीन वयांची तीन मुलं, गावाला दहा-बारा दिवस रमवता कशी?" एकदाच सविस्तर लिहिते.

आमचं घर गुहागर तालुक्यात. मे महिन्यात तिथे माझी नऊ वर्षांची लेक, चौदा वर्षांचा पुतण्या आणि नणंदेचा चार वर्षांचा मुलगा एकत्र असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही गावच्या घराऐवजी एका रिसॉर्टवर राहिलो. धाकट्याला खेळण्यांची खोली, मधलीला स्विमिंग पूल, मोठ्याला वायफाय. चार दिवसांत तिघं एकमेकांशी धड बोललीसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की वयाप्रमाणे करमणूक वेगळी करू नये. काम एकच असावं आणि त्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा असावा.

सुरुवात भरती-ओहोटीपासून झाली. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली अरुंद भेग, बघायला मुलांना भर दुपारी घेऊन गेले होते. भरतीला लाट तिच्यात शिरून उंच उडते. ओहोटी होती, घळ कोरडी. मुलं हिरमुसली. तिथल्या एका आजोबांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मग सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज पक्का येतो.

पुतण्याला ते असं आवडलं, की समुद्रावर कधी जायचं हे ठरवण्याचं काम आम्ही त्याच्याकडेच दिलं. त्रयोदशीला त्याने पावणेदहा काढले आणि आम्ही पुन्हा हेदवीला गेलो. लाट घळीत शिरून कितीतरी उंच उडाली, धाकटा कडेवर किंचाळत होता. (खडक निसरडे असतात, लांबूनच बघा. मुलांचा हात सोडू नका.) चौदा वर्षांच्या मुलाला करमणूक नको असते हो. आपल्या शब्दावर घर चालतंय, हे त्याला हवं असतं. त्याचा मोबाइल मी एकदाही काढून घेतला नाही. तशी वेळच आली नाही.

धाकट्यासाठी ओहोटी. ओल्या वाळूत बारके खेकडे बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडतात. पाऊल वाजलं की आत. हा उकिडवा बसतो, श्वास रोखून, आणि खेकडा बाहेर आला की माझा हात घट्ट दाबतो. अर्धा अर्धा तास! घरी पाच मिनिटं एका जागी न बसणारं मूल आहे हे.

आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. सासूबाई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घमेलं घेऊन बसतात. मोठा झाडावरून काढतो, लेक फोडून बिया-गर वेगळा करते, धाकटा सालं उन्हात मांडतो, बरीचशी उलटी. सालं रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. अशी पुटं देत देत आमसुलं होतात. आदल्या दिवशीच्या सालांचा रंग किती गडद झाला, हे बघायला तिघं सकाळी उठल्या उठल्या खळ्यात धावतात. बोटं जांभळी, फ्रॉकवरचे डाग जात नाहीत, जुनेच कपडे न्या.

एक मात्र कळकळीने सांगते. मुलं आजीच्या गळ्यात घालून आपण झोपाळ्यावर पडायचं, हे करू नका. सत्तरी ओलांडलेल्या बाईने दिवसभर तिघांच्या मागे धावायचं का? त्या कामात आपणही बसायचं. मलाही आमसुलं करायला तिथेच आली.

पुढच्या वर्षी पुतण्या दहावीला. मे महिन्यात क्लास सुरू होणार म्हणून जाऊबाईंनी त्याचं गाव रद्द केलंय. मी या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे. बारा नाही तर नाही, आठ दिवस तरी सोडा म्हणणार आहे.